दोन दारांचं घर

काल घोटीहून गवत आणलं. पोतं जिन्यातून वर चढवेपर्यंत त्याचा वास आमच्या आधीच तिसऱ्या मजल्यावर पोचला होता. उन्हात तापलेल्या गोधडीला येतो तसा, थोडा गोडसर, थोडा धुळीचा. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न झालं, की इगतपुरी-घोटीकडच्या डोंगरउतारांवरचं गवत पिकतं. चार महिने पाण्यात उभं असलेलं ते हिरवं रान बघता बघता पिवळं पडतं. मग कापणी होते, पेंढ्या बांधल्या जातात, गंज्या रचल्या जातात. मुंबई रस्त्याला गवताचे ट्रक दिसायला लागतात, इतके फुगलेले, की मागून बघितलं तर ट्रक दिसतच नाही, गवतच रस्त्याने चाललंय असं वाटतं. नाशिकमध्ये कोणालाही विचारा, हे दिवस थंडीचे आणि द्राक्षबागांच्या काळजीचे. आमच्या घरात मात्र हे गवताचे दिवस आहेत.

पोत्याचं तोंड सोडल्याबरोबर मुरमुऱ्या आला. मुरमुऱ्या म्हणजे आमचा ससा. पांढरा, फक्त कानांच्या टोकाला करडी छटा. आता त्याचं वय झालंय. पूर्वी दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात तीन उड्यांत यायचा, आता मध्ये थांबतो, जरा विचार करतो आणि मग येतो. पण गवत आलं की त्याला थांबता येत नाही. त्याने पोत्यात डोकं घातलं आणि करकर आवाज सुरू झाला. मी तिथेच फरशीवर बसले. डाळ चढवायची होती, फोन वाजत होता. मी बसूनच राहिले, कारण तो आवाज ऐकला की मला सहा वर्षांपूर्वीचे गवताचे दिवस आठवतात, आणि दादा आठवतात.

दादा म्हणजे माझे सासरे. त्यांचं सगळं आयुष्य इगतपुरीला रेल्वेत सुतारकाम करण्यात गेलं. सासूबाई गेल्यावर ते तिथल्या घरात चार वर्षं एकटेच राहिले. सहा वर्षांपूर्वीच्या श्रावणात ते शेवाळलेल्या पायरीवरून घसरले, मनगट मोडलं, आणि शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत तासभर पावसात पडून होते. सुनील, माझा नवरा, दुसऱ्याच दिवशी त्यांना नाशिकला घेऊन आला. त्यांना विचारलं होतं का, असं मी आज स्वतःला विचारते. नव्हतं विचारलं. हात प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाला काय विचारायचं, असंच आम्हाला वाटलं होतं.

आमच्याकडे येऊन दादांचं बोलणं कमी कमी होत गेलं. चहा घेणार का, हो. भाजी आवडली का, हो. दिवाणखान्यातल्या कॉटवर ते भिंतीला टेकून बसत. आमच्या कॉलनीतल्या सगळ्या इमारती एकाच रंगाच्या. पहिल्याच आठवड्यात ते खाली उतरले आणि येताना शेजारच्या इमारतीचे तीन जिने चढून गेले. तिथल्या बाईंनी आणून सोडलं. त्या दिवसापासून आम्ही कामाला जाताना दारातलं कुलूप बाहेरून लावू लागलो, आतूनही ते किल्लीशिवाय उघडत नसे. मी शाळेच्या ऑफिसात कारकून, सुनील अंबडच्या एका कारखान्यात, मुलगी ऋचा सातवीत. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच दादा आत आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. काळजीपोटीच लावत होतो आम्ही ते कुलूप. दादा त्यावर कधी काही बोलले नाहीत, म्हणून आम्हीही पुन्हा विचार केला नाही.

दिवाळीनंतर दहा-बारा दिवसांनी ऋचाच्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली आणि त्यांचा ससा पिंजऱ्यासकट आमच्याकडे आला. मी नको म्हणत होते. ऋचा दोन दिवस जेवली नाही, म्हणून हो म्हणाले. पिंजरा तारेचा होता, पोपटाचा असावा त्याहून थोडा मोठा. आम्ही तो गॅलरीत ठेवला. ससा आत मुटकुळं करून बसायचा. हलायचा नाही. ऋचा त्याला बिस्किटं द्यायची, गाजर द्यायची, आणि तो वाटलं तर खायचा. मला वाटलं, ससे असेच असतात. शांत प्राणी.

चार दिवस दादा कॉटवरून त्याच्याकडे बघत होते. पाचव्या दिवशी, रविवार होता, मी मेथी निवडत बसले होते. दादा म्हणाले, "वैशाली, ह्याच्या पायाखाली तार हाय."

मला आधी कळलंच नाही की ते आपणहून बोललेत.

"काय दादा?"

"खाली तार हाय. चोवीस तास तारेवर उभा. इकडं ये, बघ."

मी गेले. दादा गॅलरीत पिंजऱ्यापुढे उकिडवे बसले होते. त्यांनी आपला बरा झालेला हात आत घालून सशाचा मागचा पाय हळूच उचलून दाखवला. तळव्याचे केस गेले होते आणि कातडी लाल झाली होती. ससा पाय ओढून घेत नव्हता. त्याने बहुधा ओढायचं सोडून दिलं होतं.

दादांनी पिंजऱ्याचं दार उघडलं आणि पिंजरा तसाच उचलून दिवाणखान्यात आणून ठेवला.

"दादा, घरभर लेंड्या करेल तो."

"मी उचलीन."

"वायरी कुरतडेल."

"वायरींचं बघतो."

ससा बाहेर यायला पाऊण तास लागला. एवढा वेळ दादा जमिनीवर बसून होते, हात मांडीवर, नजर दुसरीकडे. आपण बघत नाही असं त्याला वाटलं पाहिजे, असं त्यांनी ऋचाला कुजबुजून सांगितलं. शेवटी तो आला, आणि आमच्या गुळगुळीत फरशीवर त्याचे चारही पाय चार दिशांना गेले. पुन्हा उठला, पुन्हा घसरला. मग भिंतीशी जाऊन चिकटला आणि तिथून हलेना.

ऋचाने माळ्यावरून सतरंजी काढली. ती पुरेना म्हणून जुन्या गोधड्या काढल्या, गव्हाचं रिकामं तरटाचं पोतं उसवून पसरलं. कॉटपासून गॅलरीच्या दारापर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत आणि पुढे मोरीपर्यंत एक रस्ताच झाला, रंगीबेरंगी, कुठे चार बोटं जाड, कुठे पातळ. ससा त्या रस्त्याने चालला. दुसऱ्या दिवशी पळाला. तिसऱ्या दिवशी त्याने मधेच हवेत उडी मारली आणि उडीतच अंगाला असा पीळ दिला, की ऋचा हसून हसून आडवी झाली. पांढरं काहीतरी कढईतून उडावं तसा उडाला, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं मुरमुऱ्या.

त्याच आठवड्यातली एक सकाळ. मी डबे भरत होते. दादा मोरीकडे निघाले होते. तोवर रोज ते भिंतीला हात लावत, एकेक पाऊल तोलत जायचे, आणि मी ते म्हातारपण समजत होते. त्या सकाळी ते सशाच्या रस्त्याने आले, सतरंजीवरून गोधडीवर, गोधडीवरून तरटावर. हात मोकळे, खांद्यावर टॉवेल. माझ्या हातातला डबा तसाच राहिला. तीन महिने हा माणूस आमच्या घरात घसरण्याच्या भीतीने बसून होता, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

आजही आमच्या घरात पाहुणे आले, की विचारतात, एवढ्या चांगल्या फरशीवर ही सतरंज्यांची ठिगळं कशाला. मी सांगते, ससा आहे ना. तेवढ्याने त्यांचं समाधान होतं.

मग दादांच्या हाताला काम लागलं. सुनीलने त्यांची सुतारकामाची पेटी इगतपुरीहून आणून दिली. करवत, रंधा, पटाशी, सगळं तेल लावून कापडात गुंडाळलेलं. वायरींवर पाइप चढले. गॅलरीच्या गजांतून ससा खाली पडू नये म्हणून खालच्या बाजूला जाळी बसली. टीव्हीशेजारची मनीप्लांटची कुंडी ऋचाने कुठेतरी वाचून वर टांगायला लावली, कारण ते पान सशाला विषारी. लेंड्यांनी मला वाटत होती तशी घराची दैना झाली नाही. मुरमुऱ्याने स्वतःच एक कोपरा धरला होता. दादांनी त्या कोपऱ्यात प्लॅस्टिकचं जुनं घमेलं ठेवलं, आत वर्तमानपत्राचे तुकडे, आणि तो मुकाट्याने त्यातच बसायला लागला. "त्याला कळतंय," दादा म्हणाले. "आपल्यालाच त्याची जागा कळत नव्हती."

एका सुट्टीच्या दिवशी ते प्लायवूडच्या उरलेल्या तुकड्यांतून सशासाठी घर करायला बसले. घर म्हणजे एक पालथं खोकं, आत तो पाय पसरून पडेल एवढं लांब आणि दोन पायांवर उभा राहिला तर कान टेकणार नाहीत एवढं उंच. माप कसं घेतलं, तर तो झोपला असताना शेजारी सुतळी धरून. खिळे वापरले नाहीत, सगळे सांधे लाकडात लाकूड अडकवून. आणि त्या घराला त्यांनी दोन दारं ठेवली, एक पुढे, एक बाजूला.

ऋचा म्हणाली, "आजोबा, दोन दारं कशाला? त्याला एक पुरेल की."

दादा पॉलिश पेपरने दाराची कड घासत होते. "एका दाराचं घर ह्याला घर वाटायचं नाय. दारात कोण आलं तर हा जाणार कुठं? आत बसला तरी जीव दाराकडं लागून राहणार. दुसरं दार असलं, की मग निवांत बसतो. त्या दारानं जात नाय, पण हाय म्हणून बसतो."

ते ऋचाशी बोलत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. पण मी पोळ्या लाटत होते आणि माझं लाटणं थांबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर उभी राहून किल्ली हातात घेतली तेव्हा ते बोलणं मला आठवलं. खोटं कशाला लिहू, तरीही मी कुलूप लावलं. उशीर होत होता, दहावीच्या परीक्षेचे फॉर्म भरायचे दिवस होते, आणि ते जिन्यात पडले तर काय, ही भीती खरीच होती. संध्याकाळी सुनीलशी बोलू, असं मनाशी म्हणत मी खाली उतरले. संध्याकाळी विसरले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ते घडलं.

त्या दिवशी शाळेच्या ऑफिसात खिडकीबाहेर पालकांची रांग होती. फोन ड्रॉवरमध्ये होता. साडेचारला काढला तर त्यावर दादांचे अकरा मिस्ड कॉल. लावला तर पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

"दादा, काय झालं? तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय नाय झालं. मुरमुऱ्या सकाळपासून खात नाय. लेंडीबी टाकली नाय. कान गार पडलेत. सुनीलचाबी फोन लागत नाय."

घरी पोचले, कुलूप काढलं. दादा दाराच्या आतच उभे होते, चपला घालून. त्यांच्या छातीशी गोधडीत गुंडाळलेला ससा. किती वेळ ते असे उभे होते कोण जाणे.

"चौकात जनावरांचा दवाखाना हाय," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "मी खिडकीतून पाटी बघितलेली. बाराला घेऊन गेलो असतो. दार बंद होतं."

आम्ही दोघं जिना उतरलो. मी ससा घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिला नाही. एका हाताने ससा, एका हाताने कठडा, असे ते तीन मजले उतरले, एकदाही न थांबता.

दवाखान्यातल्या डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी सशाच्या पोटाला कान लावला, मग यंत्र लावलं, मग दोन इंजेक्शनं दिली. "पोट थांबलंय त्याचं," त्या म्हणाल्या. "सशाचं पोट थांबलं, की वेळ फार कमी असतो. दुपारी आणायला हवं होतं."

दादा खाली बघत होते. मी म्हणाले, "माझी चूक आहे."

"चूक वगैरे राहू द्या. काय खातो हा?"

मी सांगितलं. गाजर, बिस्किट, पोळीचा तुकडा, कोथिंबीर.

"आणि गवत?"

"गवत नाही."

"अहो, ह्याला दिवसभर वाळलं गवतच लागतं. बाकी सगळं चवीपुरतं. पोट त्याच्यावर चालतं, दात त्याच्यावर झिजतात. पाय बरे होत आलेत, म्हणजे जागा छान केलीत तुम्ही, पण घरात गवत नसेल तर सशाचं घर झालं नाही." मग त्यांनी सुईशिवायच्या सिरिंजमध्ये पातळ खाद्य भरून कसं द्यायचं ते दाखवलं. "दर दोन तासांनी. उद्या सकाळपर्यंत लेंडी टाकली तर वाचला म्हणायचं."

त्या रात्रीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आम्ही पाळ्या लावल्या होत्या, पण दादांनी आपली पाळी संपवलीच नाही. सकाळी सातच्या सुमाराला त्यांनी मला हाक मारली. मी धावत गेले. ते सशाच्या घमेल्यापाशी बसले होते आणि त्यांनी तळहात पुढे केला होता. तळहातावर एक लेंडी. बारीक, वेडीवाकडी, मिरीएवढी.

"आली," दादा म्हणाले.

सुनील उठून आला, ऋचा आली. आम्ही चौघं त्या एवढ्याशा लेंडीभोवती उभे होतो, आणि देवाचा प्रसाद बघावा तसे बघत होतो. सुनीलचे डोळे भरून आले होते. त्याला मी त्याच्या आईच्या वेळेनंतर प्रथमच तसं पाहत होते. नंतर दहा मिनिटांनी दुसरी आली, तिचं कौतुक थोडं कमी झालं.

त्या दिवशी मी रजा टाकली. सकाळी बाजार उघडल्याबरोबर जाऊन किल्ली करून आणली. दादांच्या हातात ठेवली. "दादा, ही तुमची," एवढंच म्हणाले. मग न राहवून म्हणाले, "आम्ही तुम्हाला विचारायला हवं होतं."

त्यांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली, सुतार बघतो तशी, दाते घासून नीट केलेत का. म्हणाले, "तुम्हाला भीती वाटली. मलाबी वाटत होती. सगळ्या बिल्डिंगी सारख्याच." मग किल्ली खिशात टाकत म्हणाले, "जिन्याला काहीतरी खूण करतो." आणि संध्याकाळी जिन्याच्या तोंडाशी, आमच्या इमारतीच्या कठड्याला, त्यांनी घासून गुळगुळीत केलेली एक लाकडी मूठ बसवली. अंधारातही हाताला लागेल अशी. ती अजून आहे. खालच्या मजल्यावरच्या काकू तिला धरूनच चढतात.

दोन दिवसांनी, मुरमुऱ्या सावरल्यावर, दादा सकाळी साडेआठला डोक्याला मफलर गुंडाळून तयार झाले. "घोटीला जाऊन येतो. पांडूतात्याकडं गवत कापायला घेतलं असंल."

पांडूतात्या म्हणजे त्यांचे रेल्वेतले सोबती, निवृत्तीनंतर घोटीजवळच्या आपल्या गावी शेती करणारे. मी सुनीलकडे बघितलं. सुनीलने गाडीची किल्ली उचलली आणि म्हणाला, "महामार्ग बस स्टँडवर सोडतो तुम्हाला." दादा म्हणाले, "चालंल."

त्या दिवशी ऑफिसात फोन मी टेबलावरच ठेवला होता. दीडच्या सुमाराला अनोळखी नंबर. "सूनबाई, पांडूतात्या बोलतोय. काळजी नका करू, म्हातारा हितं हाय. गवताच्या गंजीला टेकून बसलाय, भाकर खातोय. लय दिवसांनी आला. चारच्या गाडीत बसवून देतो."

मागून दादांचा आवाज आला, कोणाला तरी काहीतरी सांगत होते, आणि मग हसले. मी कितीतरी महिन्यांनी ते हसणं ऐकलं. फोन कानाला तसाच धरून ठेवला, तात्यांनी ठेवून दिला तरी.

संध्याकाळी ते आले. स्वेटरभर गवताची कुसळं, डोक्यावर पोतं. एसटीच्या कंडक्टरशी त्यांचं बरंच बोलणं झालं होतं, सशाला गवत नेणारा पहिलाच उतारू म्हणून त्याने पुढे ड्रायव्हरमागे जागा करून दिली होती. दाराशी येऊन त्यांनी बेल वाजवली नाही. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि ते आत आले. ऋचाने गवत घमेल्याशेजारी पसरलं. मुरमुऱ्याने एक काडी ओढली, टोकापासून टोकापर्यंत आत घेत गेला, मग दुसरी. सगळं घर त्या वासाने भरून गेलं होतं आणि कोणीच दिवा लावायला उठलं नव्हतं.

दादा पुढे चार वर्षं आमच्याकडे राहिले. दर वर्षी गवताच्या दिवसांत आठवडाभर घोटीला जायचे आणि पोत्याबरोबर परत यायचे. दोन वर्षांपूर्वी, आजारपण फार न लांबता, ते गेले. गेल्या वर्षी गवत पांडूतात्यांच्या मुलाने पाठवलं. यंदा मी स्वतः आणायला गेले होते. पिवळ्या उतारावर उभी राहून मला वाटलं, एखाद्याला काय लागतं हे कळायला आपण किती उशीर करतो, आणि कळतं ते कशाकशातून.

पण मला सांगायचंय ते दादांच्या जाण्याचं नाही. त्याच पहिल्या वर्षी, गवत आलं त्यानंतरच्या रविवारचं सांगायचंय. दुपारचे बारा वाजले असतील. गॅलरीतून ऊन आत आलं होतं, थंडीतलं, अंगावर घ्यावंसं वाटणारं. कुकर लावलेला होता. दादा कॉटवर वर्तमानपत्र वाचत होते. आणि धप्प असा आवाज आला. मुरमुऱ्या सतरंजीच्या मधोमध एका कुशीवर पडला होता. चारी पाय ताठ बाजूला, मान मागे, डोळे अर्धवट.

दादा कॉटवरून खाली आले, गुडघ्यांवर बसले, नाकापुढे बोट धरलं. पोट हलत होतं. मी डॉक्टरांना फोन लावला, स्पीकरवर टाकला, काय झालं ते सांगितलं.

"श्वास चालू आहे?"

"आहे."

"कान कोमट आहेत? सकाळी खाल्लं?"

"हो. पोटभर गवत खाल्लं."

पलीकडे त्या हसल्या. "मग काही झालेलं नाही. ससे असे आडवे पडतात ते अगदी निर्धास्त असले तरच. कुठून कोणी येणार नाही, पळावं लागणार नाही, अशी खात्री झाली की. झोपलाय तो. झोपू द्या."

मी फोन ठेवला. ऋचा काही बोलणार तेवढ्यात दादांनी ओठांवर बोट ठेवलं. ते तिथेच सतरंजीवर मांडी घालून बसले. ऋचा बसली. सुनील आंघोळ करून आला, ओल्या केसांनी बघत उभा राहिला, मग तोही बसला. पहिली शिट्टी होण्याआधी मी पावलं न वाजवता आत गेले आणि गॅस बंद केला. परत येऊन त्यांच्यात बसले. उन्हाचा चौकोन हळूहळू सरकत सशाच्या पोटावरून दादांच्या पायांवर आला.

त्या दिवशी आम्ही तीन वाजता जेवलो. भात कच्चा राहिला होता. दादांनी दोनदा मागून घेतला.